मोकळी पाठ

घोडं सुखात ठिवायचं म्हंजी त्याला हरभरं चारायचं, झाडाखाली बांधायचं आन अंगावरच्या माश्या वारायच्या, असं ज्याला वाटतं त्यानं घोडं पाळू नये. शेळी पाळावी. शेळीला काय, पाला दिसला की झालं. घोड्याचं तसं नसतंय बाबांनो. घोड्याला मन असतं, आन ते आपल्याला कळत न्हाई म्हनून आपुन त्याच्या तोंडाम्होरं दानं वतत बसतो. आमी बी वतलं. तेवढ्या दान्यात आमचं सगळं घर जेवलं असतं, आन घोडी मातुर आमच्या डोळ्यादेखत वाळत चालली हुती.

साळू तिचं नाव. तांबूस रंग, कपाळावर चांदनी, आन छातीवर केसांचा देवमन भवरा. त्यो भवरा असला की घोडं घराला लाभतं म्हनत्यात. अंगानं बुटकी. ऐटीत बसून मिरवायची घोडी नव्हंच ती, वझ्याची घोडी. मी लगीन हून सासरी आले त्याच साली तिला बी घरात आनल्याली. माझी सासू धोंडाबाई, आमी सुना सासूला आत्याबाई म्हनतो, तर आत्याबाई वाडीभर सांगायच्या, "औंदा दोन सुना आनल्या. त्यातली एक खाती कमी आन चालती जास्त." कमी खानारी कोन, ते काय सांगायला पायजे व्हय?

मालकांचं नाव सोनबा. एकदा घेतलं ते घेतलं, आता पुन्यांदा घ्यायला लावू नगा.

आमी धनगर. वेल्ह्याच्या वर, तोरन्याच्या मागल्या अंगाला माळावर आमची खोपटं. तवा हितं भोरच्या संस्थानाचं राज्य. पर आमचं राज्य म्हंजी मेंढरं, ती चालतील तिकडं. पावसाळा सासवडाकडच्या कोरड्या रानात काढायचा, दसरा-दिवाळीला घरी यायचं, आन दिवाळी झाली की मढे घाटानं खाली कोकनात उतरायचं. तितं भाताच्या खाचरात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदली शेतकरी भात द्यायचा. गडी मेंढरं घेऊन म्होरं जायाचं. मागनं संसार घेऊन यायचं ते बायांनी. आन संसार म्हंजी काय, तर घोडीच्या पाठीवर मावंल तेवढा.

साळू भरायची ती मी आन आत्याबाईंनी. गड्यांना त्यातलं काय कळत नव्हतं. पयली घोंगड्याची घडी, तिला एक सुरकुती ऱ्हाता कामा नये, न्हाईतर पाठ लागती, घाव पडतो. मंग एका अंगाला दगडी जातं, आन त्याच्या तोलाला दुसऱ्या अंगाला दान्याची गोन. वर भांडी, मेंढरं कोंडायची वाघर, वाघरीवर पाय बांधल्याल्या कोंबड्या, आन आदल्या दिशी जल्माला आल्यालं कोकरू असलं तर ते पिशवीत घालून फकस्त मुंडकं भाईर. पोटाखालचा तंग आवळायला घेतला की साळू पोट फुगवून उभी ऱ्हायची. लबाड! मी गुडघा लावायची आन म्हनायची, "सोड गं पोट, सोड. मला म्हाईत हाय तुजं नाटक." मंग ती फूस करून श्वास सोडायची आन मी तंग वडायची. रोज सकाळी ह्येच. तिला बी म्हाईत, मला बी म्हाईत, पर एक दिस चुकवायची न्हाई.

आन चालनं! बायांच्या म्होरं ती. कासरा नुसता नावाला. गेल्या साली मुक्काम कुठल्या झाडाखाली केल्ता ते आमी इसरायचो, ती इसरायची न्हाई. तिथं जाऊन आडवी उभी ऱ्हायची, म्हंजी उतरवा आता. वझं उतारलं की पयलं लोळन. मंग पानी. मंग चंदी, म्हंजी तिचा दाना. पान्याआदी चंदी दिली की आत्याबाई माझ्या आईबापाचा उद्धार करायच्या. गवताचा बोळा करून मी तिची पाठ चोळायची, गोचिड काढायची, आन ती डोळं अर्धं मिटून खालचा व्हट लोंबता सोडायची. तसलं समाधान म्या मानसाच्या तोंडावर क्वचितच बगितलं. आज बी कुठं घामेजल्या घोड्याचा वास आला ना, की माझा पाय थांबतोय. काय दिस हुते! घर न्हाई, दार न्हाई, आन कशाची वान न्हाई.

मंग त्यो फागुन आला.

कोकनात मालकांना हिवताप धरला. असला तसला न्हाई. दातावर दात, आंग तव्यावानी, आन मानूस वळखंना. तिथल्या लोकांनी पाला वाटून दिला, अंगारा लावला, कशानं उतार पडंना. आत्याबाई म्हनल्या, "ह्या हवंत त्यो टिकायचा न्हाई. वर न्हेऊ." साळूवरचं सगळं वझं तितंच टाकलं. जातं टाकलं, भांडी टाकली. मालकांना घोंगड्यात गुंडाळून तिच्या पाठीवर घातलं आन चऱ्हाटानं बांधलं. एका अंगाला आत्याबाई, एका अंगाला मी. मढे घाट म्हंजी नुसतं दगड. ती घोडी त्या दिशी कशी चढली ते म्या बगितलंय. दर पावलाला खूर टेकवून बगायची, दगड हालतोय का, मंगच भार टाकायची. मधीच मालक एका बाजूला कलायचं, तर थांबायची. आमी नीट केल्याशिवाय पाऊल उचलायची न्हाई. तिला कुनी शिकवलं हुतं?

घाटमाथ्यावर पोचलो. गार वारं लागलं. आत्याबाईंनी कमरंची भंडाऱ्याची पिशवी सोडली, मूठ भरली आन साळूच्या पाठीवर टाकली.

"बिरोबा," त्या म्हनल्या, "माझा लेक जगव. जगवलास तर ही पाठ तुजी. आमच्या घरचं वझं हिच्यावर पुन्यांदा चढायचं न्हाई. चढलं तर दिल्यालं माघारी न्हे."

शेवटाचं कशाला बोलल्या, कुनास ठाव. आईचं तोंड, भ्यालं की वाट्टेल ते बोलून जातंय. मी आयकलं आन मालकांच्या अंगावरचं घोंगडं घट्ट केलं.

मालक जगलं. चैताच्या पालवीसंगं उठून बसलं, पावसाळ्यात काठी टेकत मेंढरांमागं गेलं, आमी बाया त्या साली साळूसंगं माळावरच राह्यलो, आन दसऱ्याला आमी नवस फेडला. ढोल वाजलं, बकरं पडलं, साळूला आंघुळ घालून हळदीनं पिवळी केली, गळ्यात फुलं घातली. वाडीतल्या बाया तिच्या पाया पडाय लागल्या. साळूनं काय केलं, फुलं खाल्ली, एकीनं ववाळायला आनल्यालं खोबरं खाल्लं, आन दुसरीच्या पदराला दात घातलं. "देवाची झाली न्हवं, आता नखरं करनारच," म्हनत सगळी हासली. मी बी हासले. त्या दिशी लई बरं वाटलं हुतं. जिनं माझा कुकू राखला तिला आता जल्मभर आराम. आजून काय पायजे घोडीला?

नसरापूरच्या बाजारातनं एक काळं तट्टू आनलं वझ्यासाठी. मेलं चावरं.

दिवाळी झाली. मेंढरं निघाली. मी पोटुशी हुते, पौषात दिस भरायचं हुतं, म्हनून मी माघारी राह्यले, आन माझ्यासाठी आत्याबाई बी राह्यल्या. देव आमच्यात थोरल्या बाईजवळ असतो, म्हनून देवाची टोपली बी राह्यली. आन साळू तर राहनारच. तिला आता कुठं जायाचं नव्हतं.

निघायच्या दिशी अंगनात संसाराचा ढीग घातला. माझी धाकली जाऊ गड्यांमागं जानार हुती, ती काळ्या तट्टवाला भराय लागली. आन साळू आपल्या जागंवरनं आली. बांधली नव्हती, देवाची घोडी कशाला बांधायची? आली आन ढिगाशेजारी आडवी उभी राह्यली. नेहमीसारखी. पोट फुगवून.

मालकांनी तिच्या मानंवर हात ठिवला आन म्हनलं, "साळू, तुजं झालं आता. बस तू." ती हालली न्हाई. शेवटी तिला दाव्यानं बांधली तवा तट्टू निघालं. मेंढरं खालच्या वळनाआड जाईस्तवर ती खिंकाळत हुती. मेंढरांची घंटी आयकू यायची बंद झाली, तवा गप झाली.

म्या म्हनलं, चार दिस जातील, मंग रुळंल.

कशाची रुळतीया! आमी तिला कुडाचा गोठा बांधला, खाली मऊ भाताचं काड आथरलं. चुलतसासरं चिमाजी शेजारीच ऱ्हायचं, ते रोज भिजलेलं हरभरं आनून द्यायचं. लोक नवसाला गूळ आनायची, त्यो बी तिला. पयलं काही दिस तिनं खाल्लं. एकदा तर लई खाल्लं आन पोट धरून लोळली, रातभर आमी तिला ताकात हिंग घालून पाजत हुतो. त्याच्यानंतर तोंड फिरवलं. हरभऱ्याला फुंकायची आन मागं सरायची. दिसभर खालच्या वाटंकडं तोंड करून उभी. अंगाची लव उभी राह्यली, चमक गेली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झाली. आन पाय! गुडघ्याखाली चारी पाय सुजून खांबासारखं झालं.

आत्याबाई रोज तिच्या पाठीवर भंडारा टाकायच्या. "बिरोबा, तुजी घोडी हाय. बग."

पौषात मला लेक झाली. बाळंतिनीच्या खोलीतनं मला साळू दिसायची न्हाई, पर खुराचा आवाज यायचा. जागंवरच्या जागंवर पाय उचलायची आन ठिवायची. ह्यो पाय, त्यो पाय. माझ्या मांडीवर लेक, आन कान तिकडं.

चिमाजी वेल्ह्याला गेलं आन आनंदरावाला घेऊन आलं. आनंदराव भोरच्या पागंत घोड्यांवर हुता, म्हातारपनी वेल्ह्यात नाल ठोकायचा. मिशाळ, आन बोलायला तिखट. त्यानं साळूचं दात बगितलं, पापनी वर करून बगितली, पाय दाबलं तर बोटाचा खड्डा तसाच राह्यला.

"हिला रोग न्हाई," त्यो म्हनला. "उभी राहून राहून पायात पानी उतारलंय. चालवा हिला."

"चालंना," म्या दाराआडून सांगितलं. "दाव्यानं वडली तर अंगनापत्तुर येती आन जितं संसाराचा ढीग घालतो तितं उभी ऱ्हाती. म्होरं पाऊल टाकत न्हाई."

आनंदरावानं मिशीवरनं हात फिरवला. "मंग भरा की हिला. वझं घाला, आपसुक चालंल. काही घोड्यांचं असंच असतं. पागंतलं एक असंच मेलं, चांगलं चांदीच्या साजात."

आत्याबाई चूल फुकत हुत्या, त्या तशाच उठल्या. हातात फुकनी. "आनंदराव, तुमी चा प्या आन वाटंला लागा. माझ्या लेकाच्या जिवाचा सौदा झालाय ह्या पाठीवर. मी जित्ती हाय तवर हिच्यावर सूप बी चढायचं न्हाई."

"मंग घोडी जाईल," आनंदराव म्हनला. "होळी बगत न्हाई ती."

चा न घेताच गेला.

त्याच्या मागनं आमचं दोघींचं जुपलं. म्या सासूला कंदी उलटून बोलले नव्हते, त्या दिशी बोलले. "आत्याबाई, तिनं तुमच्या लेकाला वर आनला. आन तुमी तिला मारताय."

"मी मारतीया?" त्यांनी हातातली फुकनी आपटली. "मी तोंडात दिल्याला घास तिला देतीया. आन तू काय म्हनतीस, भर तिला? भर की! भर, आन उद्या खालनं सांगावा आला, सोनबाला पुना थंडी वाजतीया म्हनून, तर? तुजा कुकू हाय का माझा?"

कुकू माझाच हुता. खरं सांगायचं तर मी बी भीत हुते. सांच्याला दिवा लावला की माझा हात आपसुक कपाळाकडं जायाचा. घोडी मरंल म्हनून रडायचं, आन भरायची म्हनलं की मालकांचं ते घोंगड्यात बांधल्यालं आंग डोळ्याम्होरं यायचं. असल्या कात्रीत मानसानं करायचं काय?

सव्वा महिना सरला. मी उठून कामाला लागले. एका सकाळी साळू बसली. घोडं उगंच बसत न्हाई, आन बसलं तर लगीच उठतं. ती उठंना. मी, चिमाजी, आत्याबाई, तिघांनी शेपटी धरून, खांदा लावून तिला उभी केली. उभी राह्यली, पर मान खाली, आन मागच्या पायांना कापरं.

आत्याबाईंनी तिच्या तोंडाकडं बगितलं. लई वेळ बगितलं. मंग पदर खवून माळावर बिरोबाच्या दगडाकडं गेल्या. भाकरी बी संगं न्हेली न्हाई. दिसभर मला लांबनं त्या दिसत हुत्या. कवा हात नाचवायच्या, कवा डोकं धरून बसायच्या. शेजारनीसंगं बांधावरनं भांडावं तसं त्या देवासंगं भांडत हुत्या.

दिस कलताना माघारी आल्या. घरात गेल्या, देवाची टोपली घेऊन भाईर आल्या. टोपलीत आमचं चांदीचं टाक, भंडारा, लहानशी घंटा आन देवाची काठी.

"ए पोरी, घोंगडं आन."

"कशाला?"

"आन म्हनते न्हवं!"

म्या घोंगडं आनलं. त्यांनी स्वोताच्या हातानं घडी घातली, सुरकुती काढली, साळूच्या पाठीवर टाकली. घडीवर टोपली ठिवली.

"पाठ देवाची हाय न्हवं?" त्या मोठ्यानं म्हनल्या, मला न्हाई, वर माळाकडं बगून. "मंग धन्यानं बसावं की! रिकामी ठिवून तिला वाळवायची, ही कुठली रीत?"

म्या तंग घेतला. पोटाखालनं घातला. आन काय सांगू तुमाला, त्या हाडाच्या सापळ्यानं पोट फुगवलं!

मला रडूच फुटलं. "सोड गं," म्या म्हनलं, "सोड पोट, माझे बाई." गुडघा लावायचं धाडस हुईना, नुसता हात लावला. तिनं फूस केलं. कान उभं राह्यलं. आन कासरा कुनी धरायच्या आदी ती अंगनातनं चार पावलं म्होरं गेली, थांबली, आन मान वळवून आमच्याकडं बगाय लागली. येताय ना?

"आता हिला कुठं न्ह्यायची?" चिमाजी म्हनलं.

"कुठं म्हंजी? देवाला लेकराच्या भेटीला न्हेते," आत्याबाई म्हनल्या. "उद्या फटफटायला निघायचं."

दुसऱ्या दिशी तिघी निघालो, चौथी माझ्या काखंत. तांदळाचं गटुळं, तवा, पांघरुनं, सगळं आत्याबाईंच्या डोक्यावर. साळूवर फकस्त टोपली. पयलं लई हळू. थोडं चालायची, थांबायची, धापा टाकायची. आमी बी थांबायचो. वेल्ह्याच्या बाजारातनं जाताना लोक हासली, "म्हातारीच्या डोक्यावर संसार आन घोडीवर पाटी! धनगरीन येडी झाली का काय?" आत्याबाई मान वर करून चालल्या. आनंदराव त्याच्या नालाच्या भट्टीजवळ बसला हुता. त्यो हासला न्हाई. उठून आला, साळूच्या पायावरनं हात फिरवला आन म्हनला, "चढावाला घाई करू नगा."

केळदला मुक्काम केला. टोपली उतरवली, साळू लोळली. उठायला त्रास झाला, पर उठली, पानी प्याली, आन बांधावरचं मूठभर गवात तोडलं. मूठभरच. पायाची सूज अर्धी उतरल्याली. म्या आत्याबाईंना इचारलं, "बिरोबाला काय म्हनलासा काल?"

"तुला काय करायचंय?"

मी लेकीला पाजाय बसले. थोड्या वेळानं त्याच म्हनल्या, "म्हनलं, बोलले ते मी बोलले. रागवायचं असंल तर माझ्यावर रागव. माझ्या लेकाला हात लावू नगंस, आन त्या मुक्या जनावराला बी न्हाई. मी म्हातारी हाय, माझं काय करायचं ते कर."

"मंग त्यो काय म्हनला?"

"दगूड त्यो, बोलतोय व्हय?" आत्याबाई म्हनल्या आन पाय चोळाय लागल्या. त्यांच्या टाचंला भेग पडून रगत आलं हुतं.

सकाळी घाट उतराय लागलो. उतार सुरू झाला आन टोपली एका अंगाला घसराय लागली. सरकली की वझं एकाच बाजूचं, तोल कसा ऱ्हानार? साळू थांबायची. आमी टोपली सरळ करायचो. म्होरच्या दगडावरनं पुना कलायची. साळूला पाय टाकता येईना, ती कापाय लागली. दुसऱ्या अंगाला काय तरी तोलाला पायजे हुतं. आत्याबाईंनी डोक्यावरच्या गटुळ्याला हात लावला आन मागं घेतला. ते घरचं वझं. दगूड बांधावा म्हनलं तर देवाच्या जोडीला दगूड?

मला चक्कर आल्यासारखं झालं. वल्या बाळंतिनीचं आंग, आन काखंत लेक. मी खाली बसले. आत्याबाईंनी माझ्याकडं बगितलं, पोरीकडं बगितलं, टोपलीकडं बगितलं. मंग वाकून पोर उचलली, पासुडीत घट्ट गुंडाळली, झोळी केली आन टोपलीच्या तोलाला साळूच्या दुसऱ्या अंगाला बांधली.

"आत्याबाई!" मी वरडले.

"वरडू नगंस. बाप जगला म्हनून ही जल्मली. कुनी दिली? बिरोबानंच दिली. एका अंगाला त्यो आन एका अंगाला ही. बसत्यात दोघं." आसं म्हनल्या, पर त्यांचं व्हट पांढरं पडलं हुतं.

तोल बसला. साळूनं अंग थरकावून बगितलं, आन घाट उतराय लागली. दर पावलाला खूर टेकवून बगायची, दगड हालतोय का. लेक झोपून गेली.

दिस मावळायच्या बऱ्याच आदी खाली पोचलो. खाचरात आमची मेंढरं बसल्याली. वाघर ताठ लावल्याली. तिथं पयलं कुत्रं धावलं, मंग मालक. ते काठीबिगर चालत हुतं, अंगावर मांस आल्यालं. आमाला बगून हासत आलं. आन मधीच थांबलं. त्यांनी साळूच्या पाठीवरचं वझं बगितलं आन त्यांचा रंगच उडाला.

"आई," ते म्हनलं, "ह्ये काय केलंस?"

दिसभर ज्या देवासंगं भांडल्या, त्या आत्याबाई लेकाम्होरं पदराचं टोक पिळत उभ्या राह्यल्या. मालकांनी एक पाऊल मागं घेतलं. आपलंच मरान म्होरं आल्यासारखं ते बगत हुतं. मी म्होरं हून सांगनार, तवर साळूनं कासरा माझ्या हातातनं वडून घेतला. ती चालत त्यांच्याजवळ गेली, आडवी उभी राह्यली आन मान खाली घातली. उतरवा आता.

मालकांचा हात आपसुक उठला. तिच्या बरगड्यांवरनं फिरला. "आरं आरं," ते म्हनलं, "ही काय दशा झाली हिची?" तेवढ्यात झोळीत पोर जागी झाली आन तिनं टाहो फोडला. मालकांनी आपली लेक आजून बगितली नव्हती. त्यांनी घाईनं झोळीची गाठ सोडली, पोरीला छातीशी धरलं, आन टोपली फटदिशी दुसऱ्या अंगाला कलली.

"आरं देव!" आत्याबाई धावल्या. "देव उतरव आदी, देव!"

त्यांना आयकूच गेलं न्हाई. पोरीच्या तोंडाकडं बगत ते येड्यासारखं उभं हुतं. शेवटी आत्याबाईंनीच टोपली झेलली. खाली पदर आथरून तिच्यावर ठिवली आन टाकांना म्हनल्या, "बगितलंस न्हवं? तुज्या आदी लेक उतरवली त्यानं. राग धरू नगंस. बाप झालाय त्यो."

म्या तंग सोडला, घोंगडं काढलं. साळू कानापास्नं शेपटीपत्तुर झाडून थरथरली. पुढचं गुडघं टेकलं आन खाचराच्या मातीत या अंगावरनं त्या अंगावर लोळली. उठली, वढ्यावर जाऊन पानी प्याली, आन बांधाला तोंड लावलं. गवात तुटल्याचा आवाज मला लांबनं आयकू येत हुता. मान वर करायला तिला सवड नव्हती.

आत्याबाई लंगडत तिच्याजवळ गेल्या आन बांधावर बसल्या. दोन दिस दाबून धरल्यालं रडं आता भाईर आलं, नाक पदरानं पुसत हुत्या आन दुसऱ्या हातानं तिचा पुढचा पाय चोळत हुत्या.

"खा गं बाई," त्या म्हनल्या. "पोटभर खा. सकाळच्याला पुना देव घेऊन मेंढरांसंगं निघायचंय."